पोकळीची जन्मकथा

(वाळूत बिळे करून राहणाऱ्या एका मऊ कृमीच्या भ्रूणात शरीराच्या पोकळ्या कशा तयार होतात, या प्रश्नाने दीडशे वर्षे प्राणिशास्त्रज्ञांना गुंतवून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकातील एका सुटसुटीत वाक्यामागे किती शंका दडलेल्या असू शकतात, याची ही कथा.)

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, भारजा नदी जेथे अरबी समुद्राला मिळते तेथे केळशी हे गाव वसले आहे. महालक्ष्मीचे देऊळ, लांबच लांब पुळण आणि खाडीच्या मुखाशी असलेली वाळूची टेकडी यांमुळे पर्यटकांची पावले अलीकडे तिकडे वळू लागली आहेत. किनाऱ्यावर येणाऱ्या बहुतेकांची नजर समुद्राकडे लागलेली असते, पायाखालच्या वाळूकडे क्वचितच कोणी पाहतो. वास्तविक कोकणातल्या कोणत्याही पुळणीवर ओहोटीच्या वेळी नीट पाहिले, तर वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी आणि शेवेसारखी छोटी वेटोळी दिसतात. गोळ्या लहान खेकड्यांनी केलेल्या असतात, तर वेटोळी वाळूखाली राहणाऱ्या निरनिराळ्या कृमींनी बाहेर टाकलेली असतात. वाळू गिळायची, तिच्यातील सेंद्रिय कण पचवायचे आणि उरलेली वाळू बिळाच्या तोंडाशी सोडून द्यायची, असा या कृमींचा जीवनक्रम असतो.

उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांच्या किनाऱ्यांवर अशा रीतीने जगणाऱ्या कृमींत एक गट फार विलक्षण आहे. ज्यांनी अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतले होते, त्यांना त्यातील एका प्राण्याचे नाव आठवत असेल: बॅलॅनोग्लॉसस.

वाळूखालचा रहिवासी

बॅलॅनोग्लॉसस आणि त्याचे भाऊबंद दिसायला अगदी साधे असतात. लांबी काही सेंटिमीटर. काही जाती मात्र दीड मीटरपर्यंत वाढतात. शरीराचे तीन भाग स्पष्ट दिसतात. पुढे सोंड, तिच्यामागे गळपट्टीसारखा आखूड भाग आणि त्यामागे लांबलचक धड. सोंड आणि गळपट्टी मिळून युरोपातील ओक वृक्षाच्या टोपीधारी फळासारखी दिसतात, म्हणून पाश्चात्त्य भाषांत या कृमीला त्या फळाचे नाव मिळाले. अनेक जातींच्या अंगाला आयडोफॉर्मसारखा उग्र वास येतो. तो शरीरातील ब्रोमीनयुक्त संयुगांमुळे येतो.

भारतात हा प्राणी पाहण्याचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेट. तेथे टायकोडेरा फ्लावा ही या गटातील जाती आढळते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत मात्र हा प्राणी बहुतेकांच्या वाट्याला येतो तो बरणीतला नमुना म्हणूनच. ‘अर्ध-पृष्ठरज्जूधारी’, ‘घशाला कल्लाविदरे’, ‘देहगुहा आद्यांत्रापासून’ ही त्याची लक्षणे पाठ केली की काम भागते. यांतले शेवटचे लक्षण, म्हणजे देहगुहेचा उगम, हाच या लेखाचा विषय आहे.

पोकळी कशासाठी?

‘छातीत पाणी झाले’, ‘पोटात पाणी झाले’ असे आपण आजाऱ्याविषयी बोलताना म्हणतो. हे पाणी फुप्फुसात किंवा आतड्यात साठलेले नसते. ते फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या, अथवा आतडी आणि पोटाची भिंत यांच्या मधल्या जागेत साठते. एरवी या जागेत अगदी थोडा, वंगणासारखा द्रव असतो. त्यामुळे फुप्फुसे विनासायास फुगतात, हृदय आपल्या आवरणात मोकळेपणी आकुंचन पावते, आतडी सरकत राहतात. या जागांना शास्त्रीय भाषेत देहगुहा म्हणतात.

मऊ अंगाच्या प्राण्याला देहगुहेचा आणखी एक उपयोग असतो. द्रवाने भरलेली बंद पिशवी दाबली असता तिचे आकारमान घटत नाही, फक्त आकार बदलतो. पिशवीच्या भिंतीतील स्नायू एका दिशेने आवळले की ती लांब आणि बारीक होते, दुसऱ्या दिशेने आवळले की आखूड आणि जाड होते. ज्याच्या अंगात हाड नाही, अशा प्राण्याला स्नायूंच्या जोराला आधार मिळतो तो या द्रवाचा. बॅलॅनोग्लॉसस वाळूत शिरतो तो आपल्या सोंडेवर अशाच आकुंचन-प्रसरणाच्या लाटा उठवून. प्रौढ कृमीत स्नायू आणि संयोजी ऊतक वाढून या पोकळ्या बऱ्याच अंशी भरून जातात. म्हणूनच त्यांचे मूळ रूप पाहायचे, तर भ्रूणाकडेच जावे लागते.

गोळ्यापासून नळीपर्यंत

या प्राण्यांत नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि अंड्यांचे फलन समुद्राच्या पाण्यात होते. फलित अंड्याचे एकाचे दोन, दोनाचे चार असे विभाजन होत जाऊन शेवटी पेशींच्या एका थराची भिंत असलेला पोकळ गोळा तयार होतो. ही पोकळी तात्पुरती असते. देहगुहा ती नव्हे.

यानंतरचा टप्पा निर्णायक. उकडीच्या मोदकाची पारी करताना आपण गोळ्यात अंगठा दाबून खळगा करतो. तसाच खळगा या गोळ्याच्या एका बाजूला पडतो आणि आत आत जातो. बाहेर राहिलेल्या पेशी म्हणजे बाह्यस्तर. त्यापासून पुढे त्वचा आणि मज्जासंस्था होते. आत गेलेल्या पेशींची नळी म्हणजे आद्यांत्र, पुढच्या आतड्याचा पहिला आराखडा. खळग्याचे तोंड ज्या टोकाला असते, तेथे पुढे गुदद्वार येते. तोंड नंतर दुसरीकडे नव्याने उघडते. तारामासे, समुद्री अर्चिन, बॅलॅनोग्लॉसस आणि माणसासह सर्व पृष्ठवंशी प्राणी यांचे एक मोठे कुळ मानतात, ते मुळात या लक्षणावरून.

बाह्यस्तर आणि आद्यांत्र यांच्या मध्ये तिसरा थर येतो, तो मध्यस्तर. स्नायू आणि देहगुहेचे अस्तर त्यापासूनच होते. हा तिसरा थर येतो कोठून आणि त्यात पोकळी निर्माण होते कशी, हाच खरा प्रश्न आहे.

ढोबळमानाने दोन रीती सांगितल्या जातात. गांडुळासारख्या प्राण्यांत मध्यस्तराच्या पेशींचा आधी भरीव पुंजका होतो आणि नंतर तो दुभंगून मध्ये फट पडते. दुसऱ्या रीतीत आद्यांत्राच्या भिंतीलाच फुगवटा येतो. लांबट फुग्याचे टोक पीळ देऊन अलग करावे, तसा हा फुगवटा मूळ नळीपासून तुटून स्वतंत्र पिशवी बनतो. पिशवीची भिंत म्हणजे मध्यस्तर आणि आतली जागा म्हणजे देहगुहा. थर आणि पोकळी दोन्ही एकाच क्रियेत तयार होतात. बॅलॅनोग्लॉससचे नाव या दुसऱ्या रीतीशी जोडले गेले आहे.

तीन भाग, पाच कप्पे

या कृमीच्या शरीराचे भाग तीन असले, तरी मुख्य कप्पे पाच असतात. सोंडेत एक, गळपट्टीत डावा-उजवा मिळून दोन आणि धडात डावा-उजवा मिळून दोन. सोंडेतला कप्पा एका बारीक छिद्राने बाहेर उघडतो. गळपट्टीतल्या कप्प्यांनाही अशी छिद्रे असतात. हृदयाशी संबंधित असलेली एक लहान पिशवी सोंडेत आणखी असते, पण मुख्य आराखडा या पाचांचाच.

असाच त्रिभागी आराखडा तारामाशाच्या डिंभात, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेल्या बालरूपात, दिसतो. तेथे मधल्या जोडीपैकी डावी पिशवी वाढून पाण्याच्या नलिकांचे जाळे तयार होते, आणि त्या नलिकांच्या जोरावर तारामाशाचे शेकडो मऊ पाय हलतात. एकाने आपल्या कप्प्यांचा उपयोग वाळू खणण्यासाठी केला, तर दुसऱ्याने चालण्यासाठी.

दोन वाटा

हे नाते लक्षात येण्याआधी एक गमतीचा घोटाळा झाला होता. १८५० मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाला समुद्राच्या पाण्यात एक पारदर्शक, सूक्ष्म केसांच्या वळणदार पट्ट्यांनी नटलेला आणि गरगर फिरत पोहणारा डिंभ सापडला. त्याने त्याला टॉर्नेरिया असे नाव दिले. तो तारामाशाचा असावा, अशी त्याची समजूत झाली. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी एली मेचनिकॉफ याने दाखवून दिले, की टॉर्नेरिया हे बॅलॅनोग्लॉससचे बाळ आहे. वाळूत राहणारा कृमी आणि समुद्रात तरंगणारा काचेसारखा जीव एकच निघाले. पेशीभक्षणाच्या शोधाबद्दल १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारा मेचनिकॉफ तो हाच.

टॉर्नेरियाच्या मार्गाने वाढणाऱ्या जातींची अंडी फार लहान, जेमतेम दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांतून बाहेर पडलेल्या जीवाला स्वतःचे अन्न स्वतः मिळवावे लागते, म्हणून तो कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने, समुद्रात पोहत राहतो. या काळात त्याच्यापाशी प्रामुख्याने एकच कप्पा असतो, सोंडेचा. आद्यांत्राच्या पुढच्या टोकापासून तो लवकर सुटतो आणि छिद्राने बाहेर उघडतो. उरलेल्या दोन जोड्या बऱ्याच उशिरा तयार होतात. मग डिंभ तळाशी उतरतो, लांबट होतो आणि वाळूत शिरतो.

दुसरी वाट आखूड आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील सॅकोग्लॉसस कोवालेव्हस्की या जातीची अंडी मोठी आणि बलकाने भरलेली असतात. शिदोरी सोबत असल्यामुळे भ्रूणाला टॉर्नेरिया होऊन पोहत भटकावे लागत नाही. काही दिवसांतच पाचही कप्पे असलेला छोटा कृमी तयार होतो.

कोकणातल्या घराची उपमा द्यायची, तर एक कुटुंब आधी नुसती पडवी उभारून तीत अनेक महिने राहते आणि माजघर नंतर बांधते. दुसरे कुटुंब सगळे घर एकदमच उभे करते. घर शेवटी सारखेच होते, पण ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सामानाने बांधले हे नुसते तयार घर पाहून सांगता येत नाही.

मतांतरांचा गुंता

आखूड वाटेचा पहिला तपशीलवार अभ्यास केला तो विल्यम बेटसन या केंब्रिजच्या तरुणाने. १८८३ आणि १८८४ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत गेला आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेत त्याने या भ्रूणांचे काप तपासले. पहिल्या वर्षी तो अवघा बावीस वर्षांचा होता. कल्लाविदरे, पाठीकडचा मज्जारज्जू आणि सोंडेच्या बुडाशी असलेला दांड्यासारखा अवयव यांवरून त्याने या कृमीचे नाते थेट पृष्ठवंशी प्राण्यांच्या कुळाशी जोडले. ‘अर्ध-पृष्ठरज्जूधारी’ हे गटाचे नाव त्याचेच. दांड्यासारख्या अवयवाविषयीचे त्याचे मत पुढे टिकले नाही आणि आज हा गट स्वतंत्र मानला जातो. पुढे बेटसनने मेंडेलच्या सिद्धांतांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १९०५ मध्ये आनुवंशिकीच्या शास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. फळमाशीवरील संशोधनासाठी १९३३ चे नोबेल मिळवणारा टॉमस हंट मॉर्गन यानेही १८९० च्या दशकात टॉर्नेरियाच्या वाढीवर परिश्रम घेतले होते.

निरनिराळ्या जातींचे असे अभ्यास होत गेले, तसा एकमताऐवजी गुंताच वाढला. सोंडेचा कप्पा आद्यांत्राच्या टोकापासून सुटतो, यावर साधारण सर्वांचे एकमत होते. मागच्या चार कप्प्यांविषयी मात्र वेगवेगळी निरीक्षणे पुढे आली. कोणाला ते आतड्याच्या भिंतीचे स्वतंत्र फुगवटे वाटले. कोणाला सोंडेचाच कप्पा मागे वाढत जाऊन त्याचे तुकडे पडलेले दिसले. कोणाला भरीव पुंजके आढळले, ज्यांत पोकळी नंतर निर्माण झाली. तर कोणाच्या मते विखुरलेल्या पेशीच एकत्र येऊन पिशव्या तयार होत होत्या.

हा गुंता समजण्यासारखा आहे. भ्रूण मिलिमीटरच्या अंशाएवढा. त्याला मेणात बसवून पातळ काप घ्यायचे, एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने चित्रे काढायची आणि ती मनात एकावर एक रचून आकाराचा अंदाज बांधायचा. दोन पेशींच्या मधली फट खरी की काप घेताना पडलेली, हे ठरविणे अवघड. एखादा टप्पा काही तासांतच उलटून गेला, तर तो कोणत्याच कापात सापडत नाही. मूळ अभ्यासकांपैकी अनेकांनी आपल्या निरीक्षणांच्या या मर्यादा प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या लेखनाचा सारांश काढणाऱ्यांनी मात्र शंका गाळल्या आणि निष्कर्ष तेवढे उचलले. सारांशांवरून पाठ्यपुस्तके झाली आणि ‘देहगुहा आद्यांत्रापासून’ हे चार गुणांचे उत्तर तयार झाले.

नव्याने पाहिले तेव्हा

साबिना कौल-श्ट्रेलो आणि टोमास श्टाख या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. त्यांनी बेटसनचीच जाती, सॅकोग्लॉसस कोवालेव्हस्की, पुन्हा तपासायला घेतली. या वेळी हाताशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता आणि सलग कापांवरून संगणकात त्रिमितीय आकृती उभी करण्याची सोय होती.

त्यांना असे आढळले, की पाचही मुख्य कप्पे आद्यांत्राच्या भिंतीपासूनच तयार होतात. पण प्रत्येक कप्पा स्वतंत्र फुगवटा म्हणून येतो. एका पिशवीचे तुकडे पडून पाच होत नाहीत. म्हणजे पाठ्यपुस्तकातले वाक्य या जातीपुरते बरोबर ठरले, परंतु त्यामागे गृहीत धरलेले चित्र बदलले. समुद्री अर्चिनमध्ये आद्यांत्राच्या टोकापासून एकच फुगवटा सुटतो आणि बाकीचे कप्पे त्यापासून निघतात. हीच रीत सर्व कुळाची मूळ रीत असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. अँफिऑक्सस हा माशासारखा दिसणारा लहान समुद्री जीव पृष्ठवंशी प्राण्यांचा जवळचा नातलग. त्यातही फुगवटे स्वतंत्रपणे येतात. तेव्हा स्वतंत्र फुगवट्यांची रीतच प्राचीन असावी आणि अर्चिनची रीत नंतरची, असे अनुमान या संशोधकांनी काढले. याच अभ्यासात आणखी एक बाब नोंदली गेली. फलनानंतर सुमारे ९६ तासांनी कल्लाविदरांच्या पहिल्या जोडीच्या खुणा उमटतात, आणि त्यानंतरच्या वाढीत डावी बाजू उजवीच्या आधी पुढे सरकते.

या क्रियेची कळ कोणती, याचाही काही उलगडा झाला आहे. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपाने संदेश देतात. त्यांतील एका संदेशकुलाला संक्षेपाने ‘एफजीएफ’ म्हणतात. सॅकोग्लॉससच्या भ्रूणात हा संदेश रोखला, तर मध्यस्तरच तयार होत नाही. टॉर्नेरियाच्या वाटेने जाणाऱ्या टायकोडेरा फ्लावावर तैवानमधील संशोधकांनी काम केले. २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की खळगा पडू लागतो त्या सुरुवातीच्या टप्प्यावरच कोणत्या पेशी मध्यस्तर होणार हे ठरते आणि त्यासाठी हाच संदेश लागतो. पोहणाऱ्या डिंभाचा कृमी होत असताना हा संदेश वाढवला, तर रूपांतर लवकर घडते. दोन वाटांचे वेळापत्रक वेगळे असले, तरी पेशींची भाषा बरीचशी समान आहे.

आपला संबंध

एका कृमीच्या पाच पिशव्यांचा हिशेब इतक्या बारकाईने का ठेवायचा, असे वाचकांना वाटेल. त्याचे एक उत्तर असे, की हा हिशेब अप्रत्यक्षपणे आपल्याही शरीराचा आहे. २०१५ मध्ये सॅकोग्लॉसस आणि टायकोडेरा या दोघांचेही जनुकसंच प्रसिद्ध झाले. या कृमींचे सर्वांत जवळचे नातलग तारामासे आणि अर्चिन आहेत, या मताला त्यातून पुष्टी मिळाली. त्याचबरोबर कल्लाविदरांच्या घडणीशी निगडित असलेल्या जनुकांचा एक समूह त्यांच्यात आणि पृष्ठवंशी प्राण्यांत जवळजवळ सारख्याच क्रमाने मांडलेला आढळला. माणसाच्या भ्रूणातही घशाच्या बाजूंना काही काळ कल्ल्यांच्या जागी वळ्या दिसतात. आपला आणि या कृमीचा अतिप्राचीन पूर्वज एक होता, हे आता केवळ आकारसाम्यावरून म्हणावे लागत नाही.

परंतु येथेही पाठ केलेला नियम पुरत नाही. ज्या मोठ्या कुळाचे लक्षण म्हणून आद्यांत्राच्या फुगवट्यांची रीत सांगितली जाते, त्यात आपणही मोडतो. तरी माणसाच्या गर्भात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि चौथ्या आठवड्यात देहगुहा तयार होते, ती मध्यस्तर दुभंगूनच. ती एकसंध पोकळी पुढे पडद्यांनी विभागली जाऊन हृदय, फुप्फुसे आणि पोट यांच्या वेगळ्या जागा होतात. हा पडदा नीट पूर्ण झाला नाही, तर पोटातली आतडी छातीत सरकतात आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. काही हजार जन्मांमागे एका बाळाला हा गंभीर दोष घेऊन जन्मावे लागते. बॅलॅनोग्लॉससचा अभ्यास अशा बाळावर इलाज सांगणार नाही. पण पोकळी घडविण्याच्या किती रीती निसर्गाला ठाऊक आहेत आणि त्यांतील कोणती आपल्या वाट्याला कशी आली, हे तुलनेशिवाय कळणारही नाही.

थरांची साक्ष

केळशीची वाळूची टेकडीही अभ्यासकांना अशाच प्रश्नाकडे नेते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीतील थर आणि त्यांत सापडलेल्या मानवी वस्तीच्या खुणा तपासून, येथे समुद्राची प्रचंड लाट आली असावी असे मत मांडले. १५२४ मध्ये वास्को द गामाचे जहाजांचे काफिले दाभोळजवळच्या समुद्रात असताना पाणी विलक्षण खवळल्याचे वर्णन पोर्तुगीज बखरींत आहे. या चर्चेत त्याचाही उल्लेख येतो. वाळू लाटेने आणली की वाऱ्याने रचली, याबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. घटना कोणी पाहिलेली नाही, समोर आहेत ते फक्त थर.

भ्रूणशास्त्रज्ञापुढेही थरच असतात: बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पूर्वज कोणी पाहिलेला नाही. आजच्या भ्रूणांतील थर कसे सरकतात आणि कोठे फुगतात, यावरून त्याचे अनुमान करावे लागते. अशा अनुमानाची किंमत मूळ निरीक्षणाइतकीच असते, आणि मूळ निरीक्षणाला जोडलेली शंका हा त्याचाच भाग असतो. बेटसनच्या पिढीने आपल्या शंका लिहून ठेवल्या, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर कोणाला तरी नेमके कोठे पाहायचे ते समजले. आपल्या विद्यार्थ्यांना बरणीतला बॅलॅनोग्लॉसस दाखवताना त्याच्या पाच कप्प्यांबरोबर हेही सांगितले गेले, तर लक्षणे पाठ करण्यापलीकडे विज्ञान म्हणजे काय, हे त्यांना एका साध्या कृमीकडूनच शिकता येईल.